उझ्माचे उंदीर आणि श्रीगोंद्याचा ऊस

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीच रोशनबींनी घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली होती. उझ्मा पुण्याला काय करते असे कोणी विचारलेच, तर ‘उसावर संशोधन’ एवढेच सांगायचे. उंदरांचा उल्लेख करायचा नाही. उंदराच्या गर्भाशयाचा तर नाहीच नाही.

मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून हयात घालवलेल्या रोशनबींचा शब्द शेवगावच्या त्या घरात मोडण्याची पद्धत नव्हती. नात उझ्मा मात्र कुरकुरली. शेतात सापडणाऱ्या लहान उंदराच्या मादीच्या गर्भाशयात एक प्रथिन तयार होते. ते ज्या जनुकामुळे होते, त्याची बांधणी कशी आणि गुणसूत्रावर त्याची जागा कोणती, हे ती शोधत होती. यात लपवण्यासारखे काय, असे तिने विचारले. रोशनबींनी कपाळावर हात मारून घेतला. मोहल्ल्यातल्या बायका आधीच तिच्याकडे उंदीर मारायचे औषध मागायला येत होत्या. आता बैठकीत पुरुषांसमोर गर्भाशयाचा विषय काढायचा तेवढा राहिला होता.

मुलगा चांगला होता. हारिस, सुप्याच्या कारखान्यात इंजिनियर, श्रीगोंद्याकडचे बागायतदार घराणे. उझ्मालाही तो पसंत होता; फक्त लग्नानंतर दोन वर्षे पुण्याला राहून काम पुरे करू द्यावे, एवढीच तिची अट होती. श्रीगोंद्याच्या माणसांना ऊस म्हटले की ही अट आपोआप गळी उतरेल, असा रोशनबींचा हिशेब होता, आणि तसा निरोप त्यांनी आधीच तिकडे धाडला होता.

पाहुणे, म्हणजे हारिस आणि त्याचे आईवडील, उशिरा पोचले. गल्लीत घरांना नंबर नाहीत. पिठाच्या गिरणीवर विचारत विचारत आले. हारिसचे वडील मोहियोद्दीन यांच्या काखेत पोत्यात गुंडाळलेले काहीतरी लांबलचक होते. सलाम-दुवा झाली आणि त्यांनी ते रोशनबींच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर उलगडले. मुळासकट उपटलेला ऊस होता. मातीचे ढेकूळ फुटले आणि त्यातून एक जाडजूड हुमणी अळी बाहेर येऊन वळवळू लागली.

“पोरी, तू उसातली जानकार,” मोहियोद्दीन म्हणाले. “हिनं सारी मुळं खाल्ली बघ. औषध लई मारलं. काय करावं सांग.”

उझ्मा मान खाली घालून बसली. रोशनबींनी आपल्या मुलाकडे, उझ्माचे वडील फैयाज यांच्याकडे, पाहिले, तर तो पंख्याकडे पाहत होता. अडचणीच्या वेळी पंखा पाहण्याची ही त्याची लहानपणापासूनची सवय. शेवटी त्यांनाच बोलावे लागले. उझ्मा उसाच्या वरच्या भागावर काम करते, मुळांवर नव्हे, असे त्यांनी सांगितले.

मोहियोद्दीननी ऊस उलटा फिरवला. “वरला भाग बी वाळलाय, खाला,” ते रोशनबींना मावशीच्या नात्याने म्हणाले.

रोशनबींचे डोके उठले. या माणसाला दुसरे काही आणायला सुचू नये? पेढे आणतात लोक. आणि ही मुलगी, उत्तर येत असून उभी न राहिलेल्या विद्यार्थिनीसारखी, त्यांच्याच हुकमाने गप्प बसलेली. ते दृश्य त्यांना अळीहून असह्य झाले.

“आमची मुलगी उसावर काम करत नाही,” त्या वर्गात बोलावे तशा बोलल्या. “उंदराच्या गर्भाशयावर करते. उझ्मा, सांग त्यांना. सुरुवातीपासून आणि मान वर करून.”

फैयाजने पंखा सोडून भिंत धरली. उझ्माने मात्र तोच ऊस मांडीवर घेतला आणि हा एवढा लांब असला तरी लागणीला त्यातले काय उपयोगी पडते, असे मोहियोद्दीनना विचारले. डोळा, ते म्हणाले. जनुकातही कामाचे तुकडे असे डोळ्यांसारखे छोटे असतात, मधली कांडी लांबच लांब; कोणता तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाहणे म्हणजे बांधणी पाहणे, असे तिने बोट फिरवत दाखवले.

“आणि जागा कशी घावती?” ते पुढे सरकले.

“तुम्हाला आमचं घर कसं सापडलं, चाचा?”

“गिरणी इचारली.”

तिने सांगितले की तीही गिरणीच विचारते. काही खुणांची जागा आधीपासून ठाऊक असते. उंदरांच्या पिढ्या वाढवून पाहायचे, की आपल्या जनुकाबरोबर पोरांत कोणती खूण उतरते. जी बहुतेक वेळा सोबत असते, ती शेजारची.

मोहियोद्दीनना हे पटले असावे. ते उसाचे डोळे पुन्हा पुन्हा चाचपत होते. पण आतापर्यंत न बोललेली हारिसची आई रोशनबींकडे वळली.

“उंदराचं काय न्हाई. पण एवढं लपवलं, तर आनखी काय लपवलंय?”

इतक्या वर्षांत रोशनबींना असा जाब कोणी विचारला नव्हता. त्यांनी पदर सारखा केला.

“लपवलं मी. तिनं नव्हे. ती आधीपासून नको म्हणत होती.”

“मंग अट तिच्याच तोंडून सांगू द्या. तुमी नगा सांगू.”

उझ्माने सांगितली. दोन वर्षे, पुणे, उंदीर. हारिसच्या आईने मुलाकडे पाहिले. त्याने हो म्हटले. मग तिने स्वतः मान डोलावली आणि चहाचा कप पहिल्यांदा उचलला.

रोशनबी संतापाने बसून राहिल्या. स्थळ जमले होते, पण त्यांच्या हिशेबाच्या मदतीशिवाय. निवलेला चहा बदलण्याचा हुकूम त्यांनी आतल्या दिशेने सोडला, तेवढ्यात मोहियोद्दीन खाकरले.

“ते समदं खरं, खाला. पर हुमणीचं काय?”

“शेतकी खात्यात विचारा,” रोशनबी म्हणाल्या, “आणि ती अळी आधी माझ्या चादरीवरून उचला.”