स्वच्छ झुरळं

झुरळाचं नाव काढलं तरी वहिनीला मळमळायचं, आणि नशीब असं खट्याळ की तिच्या वन्संचा धंदाच झुरळांचा. मागच्या खोलीत मांडण्या, मांडण्यांवर जाळीच्या झाकणांचे डबे, डब्यांत अंड्यांचे पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांच्या खळग्यांत वळवळणारं, तेलकट, तपकिरी धन. प्राणिसंग्रहालयातल्या सरड्यांचा रतीब इथूनच जायचा.

गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना वन्सं म्हणाल्या, "कोंडा घाल, पाणी दे, बाकी कशाला हात लावू नकोस. परत येईन तेव्हा डबे भरलेले दिसले, तर निम्मी भागीदार तू."

वहिनी मुलाच्या घरी राहायची आणि सुनेच्या मर्जीने चहा प्यायची. निम्मी भागीदारी म्हणजे हक्काचा चहा. तिने नाकाला रुमाल बांधला आणि हो म्हणाली.

पण स्वभावाला औषध नाही. डब्यांच्या तळाशी मिऱ्याच्या भुकटीसारख्या लेंड्यांचा थर साचलेला, आणि झुरळांची पिल्लं त्यातच तोंडं खुपसून बसलेली. वहिनी किंचाळली, "शी खातात मेली!" तिने एकेक डबा रिकामा केला, गरम पाण्याने घासला, पुठ्ठे नवे घातले, वर पिण्याच्या पाण्यात जंतुनाशकाचे थेंबही सोडले. फक्त सगळ्यात खालचा, कोपऱ्यातला डबा तिने उघडला नाही. त्याचा वास इतका आंबूस होता की झाकणाला बोट लावायची हिंमत होईना. वरूनच जाळीतून कोंडा भुरभुरायचा, साधं पाणी शिंपडायचं आणि जुन्या चादरीने तो झाकून ती मोकळी व्हायची.

खोलीला साबणाचा वास येऊ लागला. वहिनी खूश. झुरळं मात्र नाहीत. पिल्लं मोहरीएवढी होती ती मोहरीएवढीच राहिली. माद्यांनी अंड्यांच्या कुप्या टाकल्या, त्या सुकून खुळखुळ्या झाल्या. हळूहळू डबे ओसरले, आणि वहिनीचा चहाही डोळ्यांदेखत आटू लागला.

वन्सं काठी टेकत आल्या. पहिला डबा उघडून त्यांनी हुंगला आणि त्यांचा चेहरा पडला. "लेंड्या कुठायत?"

"काढल्या."

"सगळ्या?"

"मग काय, जपून ठेवू? लोणचं घालायचंय?"

"जपूनच ठेवायच्या असतात, बाई! मोठ्यांच्या पोटातले जिवाणू त्यातूनच पिल्लांच्या पोटात जातात. ते नसले तर खाल्लेलं अंगी लागत नाही. ना पोर वाढतं, ना मादीची अंडी धड होतात. आणि पाण्याला जंतुनाशकाचा वास येतोय, म्हणजे तू तर मोठ्यांचीही पोटं धुतलीस."

"म्हणजे मी त्यांना उपाशी मारलं?"

"भरल्या ताटावर."

वहिनी डब्याशी बसून सुकलेल्या कुप्या चाळवू लागली. मग तिला चादर आठवली. तिने बोटाने कोपरा दाखवला. वन्संनी झाकण काढलं आणि वासाच्या भपकाऱ्याबरोबर आतून खसखस आवाज आला. डबा ओसंडत होता.

"हा कसा वाचला?"

"किळस आली म्हणून," वहिनी रुमालातून म्हणाली.

"तुझ्या किळसेनेच निम्मा धंदा बुडवला आणि तिनेच तारला. चल, ऊठ. त्यातल्या लेंड्या चाळ आणि बाकीच्यांच्या कोंड्यावर भुरभुर. आणि आता साधं पाणी दे."

वहिनीने चाळल्या. दोनदा ओकारी आली, एकदा रडू. ती भुकटी बोटांच्या रेषांत बसली, धुऊनही निघेना. पण कोमेजलेली पिल्लं त्या कोंड्यावर तुटून पडली, आणि यथावकाश एका सकाळी पुठ्ठ्यावर दुधासारखं पांढरं, मऊ, ओलसर पिल्लू दिसलं. नुकतीच कात टाकलेलं. वहिनीच्या अंगावर शहारा आला. "ईऽ! वन्सं, या, या, वाढलं!"

वन्संनी आनंदाने दोन कप चहा आणला. "घे, भागीदारीण बाई."

वहिनीने डोळे मिटून पहिला घोट घेतला. हक्काचा. गोड. मग तिचे डोळे उघडले.

"वन्सं, चहा कशाने गाळलात?"

"गाळणीने."

"मी लेंड्या चाळल्या ती?"

"घरात दुसरी आहे का? धुतली होती मी."

वहिनीचा कप ओठांशीच थांबला. ओतावा तर हक्काचा, प्यावा तर... तिने कपाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि नाक दाबून पुढचा घोट गिळला.

"साबणाने धुतलीत ना?"

"छे! तुझा साबण पाहिल्यापासून मी त्याला हात लावत नाही."