कॅमेऱ्याचं कपाळ

डोळा आहे पण कपाळ नाही, असा प्राणी साखराबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यामुळे खंडेनवमीला जे झालं त्यात त्यांचा दोष धरायचा नाही. मस्तगडातल्या घरी विळी, कोयता, शिलाई मशीन, सुनेची स्कूटी, सगळ्यांना हळदी-कुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. मग सुनेची पेटी उघडली. आत तपासणीचा कॅमेरा: लांबलचक केबल आणि टोकाला करंगळीहून बारीक डोकं. ते कारखान्यातल्या नळीत सरकवायचं आणि आतलं सगळं पडद्यावर बघायचं, हे सुनेचं, सत्यशीलेचं, काम. साखराबाईंनी त्या डोक्यावरची प्लॅस्टिकची टोपी काढली, डोळ्याच्या जरा वर, कपाळ समजून, कुंकवाचं बोट टेकवलं आणि टोपी होती तशी बसवून दिली. एवढ्याशा डोक्याला कपाळ कुठलं आणि डोळा कुठला! सून तेव्हा स्वयंपाकघरात पुरण वाटत होती.

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी सत्यशीला पेटी घेऊन भोकरदनच्या बसमध्ये बसली. आजवर सोबत कुणीतरी जुना माणूस असायचा, आज पहिल्यांदा एकटी होती. तिच्या वर्कशॉपच्या मालकानं स्वच्छ सांगितलं होतं, की हे काम नीट झालं तर पुढं बाहेरची कामं तिची, न्हाई तर ऑफिसात बसून रिपोर्ट टाईप करायचे. टायपिंगचा तिला मनापासून कंटाळा होता.

काम होतं सरकीच्या तेलाच्या गिरणीत. हंगामाआधी बॉयलरच्या नळ्या तपासायच्या होत्या. गिरणीचे मालक अप्पाराव यांनी भट्टी पेटवायला अकराचा मुहूर्त काढून ठेवला होता, नारळसुद्धा आणला होता. बॉयलर सांभाळणारे कारभारीकाका बावीस वर्षांपासून तिथंच. सत्यशीलेनं आधी बॉयलरला हात लावून पाहिला, चांगला गार होता. मग वाफेचे आणि पाण्याचे व्हॉल्व्ह बंद करून घेतले, मोटारीच्या स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. कुणी चुकून चालू केलं तर? काका मिशीत हसले, पण त्यांना ते आवडलं.

इथवर सगळं बराबर. पण अप्पाराव घड्याळ बघून बघून जल्दी करा, जल्दी करा म्हणू लागले, आणि घाईत तिनं एक गोष्ट टाळली. नळीत घालण्याआधी कॅमेरा पांढऱ्या कागदासमोर धरून बघायचा असतो. एक मिनिटाचं काम. पण घाई माणसाची अक्कल खाते, ती अशी.

पहिल्या नळीत पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लाल डाग दिसला. दुसरीतही लाल. तिसरीतही. अप्पारावांचा पारा चढला. गंज! वर्षभर करता काय तुम्ही, म्हणून ते काकांवर घसरले. काकांनी पंधरा दिवस राबून एकेक नळी ब्रशनं घासली होती. खांद्यावरच्या उपरण्याशी त्यांचा हात नुसता चाळा करत राहिला. सत्यशीलेला ते बघवेना.

आणि तेव्हाच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिन्ही नळ्यांत गंज एकाच कोपऱ्यात कसा? तिनं कॅमेरा हळूच बाहेर ओढला आणि स्वतःच्या तळहातासमोर धरला. तळहातालाही त्याच कोपऱ्यात गंज! तिनं टोक नाकाजवळ आणून पाहिलं. कुंकू. आत्याबाईंचं. सासूला ती आत्याबाईच म्हणायची.

गुपचूप पुसून टाकता आलं असतं. कुणाला कळलं असतं? पण काकांचा चेहरा समोर होता.

"नळ्यांना काही न्हाई झालं. हे आमच्या सासूबाईंचं कुंकू हाय," ती म्हणाली. "कागदावर बघायचं मी विसरले. चूक माझी, काकांची न्हाई."

काका असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. अप्पारावही हसले, जरा उशिरानं. काकांनी लगेच उपरण्याला डिझेल लावून पुढं केलं. तिनं हात जोडून नको म्हटलं. कुंकवाचे कण घासले तर काच ओरखडली म्हणून समजा. आधी रबरी फुग्यानं फुंकर मारून कण उडवले, मग मऊ कापडावर काच पुसायच्या औषधाचा एक थेंब घेऊन अलगद टिपलं. शेवटी पांढरा कागद. स्वच्छ.

अप्पारावांनी नारळ उचलला. अकराला दहा मिनिटं कमी होती. चौथ्या नळीपासून पुढं बघून टाका, म्हणाले. सत्यशीला म्हणाली, पहिलीपासून. डागाच्या मागं काय होतं ते तिनं कुठं पाहिलं होतं? अप्पाराव कुरकुरले, काका मात्र तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. यावेळी ती इंच-इंच सरकली. पहिली चांगली, दुसरी चांगली. तिसरीच्या तोंडाशी, अगदी त्याच कोपऱ्यात, केसाएवढी काळी रेघ.

"तडा हाय," काका हळूच म्हणाले.

त्यावर कुणी हसलं नाही. अकराला भट्टी पेटली असती, वाफेच्या दाबानं नळी फुटली असती आणि काका भट्टीसमोरच उभे असते. अप्पारावांनी नारळ पुन्हा पिशवीत ठेवला, मुहूर्त पुढं ढकलला आणि काकांसमोर मान खाली घालून चुकलंच म्हणाले. बाकीच्या नळ्या चांगल्या निघाल्या. सत्यशीला निघताना अप्पारावांनी वर्कशॉपच्या मालकाला फोन लावला: पुढच्या साली याच बाईंना पाठवा.

संध्याकाळी सगळं ऐकून साखराबाई आधी घाबरल्या, मग कंबरेवर हात ठेवून तयार. "मंग? माझ्या कुंकवानंच तुला दोनदा बघायला लावलं ना? पहिल्या डावाला तर तू पळतच सुटली होतीस."

ते खरंच होतं. सत्यशीलेनं पेटीच्या झाकणाला आतून पांढरा कागद चिकटवला आणि झाकणाची वरची बाजू सासूपुढं केली. "आत्याबाई, याचं कपाळ हे. डोळ्याला बिलकुल हात लावायचा न्हाई."

साखराबाईंनी पेटीला ठसठशीत कुंकू लावलं. बोटावर उरलेलं सुनेच्या कपाळावर टेकवलं आणि म्हणाल्या, "आता बघ बाई तुझ्या कॅमेऱ्यातून, बराबर जागेवर लागलं का."