तेल लावलेली वायर

दुरुस्तीला आलेल्या सुदेशने टीव्हीच्या पाठीमागची वायर उपटली, तिच्या तोंडात फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. पडद्यावर प्रितेशचा चेहरा आला, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडला, चित्र थिजलं आणि सगळंच काळं झालं.

"ही डिजिटल वायर, काकानू," सुदेश म्हणाला. "जुन्या वायरीत चित्र नुसता धुसर होय. हिचा तसा नाय. एक तर लख्ख दिसता, नायतर असे तुकडे पडतत."

"माका झीलाचा तोंड दिसाक व्हया," सहदेव म्हणाला. "वायर खंयची ती तू बघ."

सहदेवचा मुलगा प्रितेश कतारला एका कारखान्यात होता. हा टीव्ही, प्लेअर आणि मित्राकडून स्वतःचं चित्रण करून घेतलेली डिस्क त्याने सुट्टीवर आलेल्या शेजाऱ्याबरोबर पाठवली होती. महिना झाला, चित्र धड लागलंच नव्हतं. आता पाऊस तोंडावर आला होता आणि किनाऱ्यावरची होडी विकत घ्यायला गुरुदास टपून बसला होता. सहदेवचे गुडघे कामातून गेले होते. नारळी पौर्णिमेला प्रितेश कायमचा परत येऊन होडीवर बसणार, असं सहदेव दोन वर्षं सांगत आला होता. "कतारात एसीत बसलेलो झील तुझ्या होडयेत बसतलो?" असं म्हणून गुरुदास हसायचा. आज संध्याकाळी त्याला उत्तर हवं होतं.

सुदेशने वायर टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत घालून पाहिली. ठिपके तसेच. मग पिशवीतून जुनी पिवळ्या टोकाची वायर काढून जोडली. चित्र अखंड आलं, पण पाण्याखालून बघितल्यासारखं.

"म्हणजे प्लेअर बरो, डिस्क बरी," तो पुटपुटला. डिजिटल वायरीचं तोंड त्याने दाराच्या उजेडात धरलं. आतल्या बारीक पट्ट्यांवर चिकट, काळपट थर होता. त्याने वास घेतला.

"काकानू, वायरीक खोबरेल कोणी लावल्यान?"

सहदेवला हसू आलं. खाऱ्या वाऱ्यात घर. कोयती, विळी, कुलूप, बिजागऱ्या, सगळ्यावरून त्याची बायको विमला दर आठवड्याला तेलाचं बोट फिरवायची.

"आमच्याकडे लोखंडाक आणि पोरांका एकाच वाटयेतला तेल," तो म्हणाला. "गंज चढात नाय दोघांकाय."

"काकीक सांगा, टीव्हीक न्हाणू नको."

सुदेशने काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि दोन्ही टोकं पुसून काढली. वाळल्यावर वायर खोचली.

ह्या वेळी प्रितेश खरोखर खोलीत आल्यासारखा आला. गालावर तीळ, शर्टाच्या खिशाला पेन. डाव्या हातात चहाचा कप. उजवा हात पाठीमागे.

"आवाज पण बघा कसो," सुदेश म्हणाला.

पडद्यावर प्रितेशला कोणीतरी काहीतरी बोललं. तो हसला आणि हसता हसता बोलणाऱ्याला गप्प करायला त्याने उजवा हात वर केला. हाताला अंगठा होता, त्याच्या शेजारचं बोट होतं. पुढे काही नव्हतं. हात लगेच खाली गेला.

सुदेशने पिशवी आवरायला घेतली. बराच वेळ तिची चेन लागेना.

"येतंय, काकानू," तो म्हणाला आणि निघून गेला.

विमला बाजारातून आली तेव्हा डिस्क पुन्हा पहिल्यापासून चालली होती. तिने रिकामी टोपली कोपऱ्यात ठेवली. टीव्हीकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"तेल पुसलात?"

"सुदेशान पुसल्यान."

ती भिंतीला टेकून बसली.

"गणपतीत फोनार सांगल्यान माका. मशिनीत गावलो हात. म्हणालो, बाबांका सांगू नको. ते होडी विकतले."

"आणि तेल?"

"पयल्यांदा सवयीन लावलंय. चित्र तुटाक लागला." तिने पदराने मान पुसली. "मगे मुद्दाम लावीत रवलंय."

सहदेव पुन्हा टीव्हीकडे वळला. पडद्यावर प्रितेश कप खाली ठेवत होता, न सांडता.

"जेवता कसो?"

"डाव्या हातान. आता सवय झाली, म्हणता."

त्याने टीव्ही बंद केला, भिंतीला धरत उठला आणि किनाऱ्याकडे निघाला. विमलाने थांबवलं नाही.

उन्हं उतरल्यावर गुरुदास आला तेव्हा सहदेव ओढून ठेवलेल्या होडीत, मागच्या टोकाला वरामावर बसला होता. उजवा हात त्याने पाठीमागे, कमरेच्या करगोट्यात अडकवला होता. डाव्या हाताने सुकाणूचा दांडा धरून तो वाळूवरच होडी वळवत होता.

"काय रे सहदेवा, म्हातारपणी कसलो खेळ मांडलंस?"

सहदेवने दांडा एकदा छातीशी ओढला, एकदा लांब ढकलला.

"मगे, काय ठरवलंस?" गुरुदासने विचारलं.

"डाव्या हाताक जड जाता," सहदेव दांड्याकडेच बघत म्हणाला. "पाऊस लागाच्या आधी दांडो वीतभर लांब करून घेवक व्हयो."