माहेरी गेलेल्या

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या बावीस गावांसाठी एक प्रसूतिगृह व्हावं म्हणून डॉक्टर इंगवलेबाईंनी सहा वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. कोल्हापुरात होऊ घातलेल्या डॉक्टरांना शिकवायचं आणि सुट्टी मिळाली की पायपीट करायची. शेवटी साहेब म्हणाले, बाळंतपणात किती बायका मरतात ते आकड्यात दाखवा. त्र्याहत्तर साली बाईंनी विद्यार्थी घेऊन घर न् घर पालथं घातलं. दोन वर्षांत या घरची कोणी बाई बाळंतपणात गेली का, एवढाच प्रश्न. आकडा आला चार. या पाहणीवर लिहिलेल्या निबंधाची वाहवा झाली, बाईंना बढती मिळाली आणि इतक्या सुखरूप भागाला प्रसूतिगृह कशाला, म्हणून ते दुसऱ्या तालुक्याला गेलं.

हे सांगायला बाई बिबीजानकडे गेल्या. ही त्या भागातली जुनी सुईण, बाईंच्या भरवशावर प्रसूतिगृहाची वाट बघत बसलेली.

"चार? माझ्याच हातावर सात गेल्या की, बाई."

पहिलटकरीण माहेरी येते आणि तिथंच मरते. सासरचे म्हणतात, आमच्या घरात कुठं मेली? माहेरचे म्हणतात, लेक दिल्या घरची. खोटं कोणीच बोललं नव्हतं. बाई स्वतः पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या, तरी हे सुचलं नाही. एवढं शिकून काय दिवे लावले, असं त्यांनी स्वतःला शंभरदा सुनावलं.

मग गावोगावच्या सुईणींना विचारत त्यांनी एकतीस नावं गोळा केली आणि कचेरीला धाडली. कचेरीनं कळवलं, ज्या घरच्या त्या बायका, त्या घरच्या कर्त्याची सही आणा, मग बघू. जिवंतपणी ज्यांची कोणी दखल घेतली नाही, त्यांचा मेल्यावर पुरावा हवा होता.

पहिली सही मागायला बाई आकारामकडे गेल्या. त्याची सून चिमणाबाई, एकोणीस वर्षांची, माहेरी रक्त जाऊन जाऊन मेलेली. आकारामनं चहा पाजला, कागद वाचून घेतला आणि मागं सरकवला.

"सही कशापायी करू? माझ्या घरात सून हाय की. ती बघा, भाकऱ्या थापतीया."

चुलीपुढची पोर लाजून वळली. वर्षाच्या आत करून आणलेली दुसरी, सातवा महिना लागलेली. येत्या सोमवारी तिला माहेरी पोचवणार होते. माहेर कुठलं, याच बावीस गावांतलं का, हे विचारायचा बाईंना धीर झाला नाही.