एका सुरीची ओळ

"हलू नकोस दादा. तुझी सावली पडतेय ग्लासावर."

दादा मुकाट्यानं बाजूला सरकला. एरवी त्याच्या तोंडाला तोंड देणं कुणाला जमत नसे, पण धाकटी बहीण कामावर असली की तो निमूट होई. बेण्याचे बटाटे तपासण्यात तपासनीसबाईंची अर्धी हयात गेली होती. त्यांनी पास केलेलं बेणं लोक डोळे मिटून घेत. सख्ख्या भावाचं शेत मात्र बाईंनी कधी डोळे मिटून पास केलं नव्हतं.

"उन्हानं माना टाकल्यात गं झाडांनी. पाणी दिलं की उठतील."

"सकाळी नऊ वाजता कसलं आलंय ऊन? आणि पानं बघ. हिरवीगार आहेत, तरी झाड आडवं."

बाईंनी कोमेजलेल्या झाडाच्या खोडाचा तुकडा बुडाशी कापून स्वच्छ पाण्यात टांगला होता. दोन मिनिटं गेली असतील नसतील, कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी तार निघाली आणि सरळ तळाकडे उतरू लागली.

"जिवाणू," बाई म्हणाल्या. "मर रोग."

"औषध सांग."

"असतं तर घेऊनच आले असते."

दादा मटकन बांधावर बसला. यंदाचं सगळं पीक बेणं म्हणून जायचं होतं. वीस वर्षांत त्याच्या बेण्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ते नाव आता बहिणीच्या एका सहीवर येऊन ठेपलं होतं.

बाई ओळीओळीनं फिरल्या. पाण्यातून रोग आला असता तर मेलेल्या झाडांचं ठिगळ अनेक ओळींत पसरलेलं दिसलं असतं. इथे एकाच ओळीत, एकामागोमाग एक, अकरा झाडं झोपली होती. शेजारच्या ओळी ताठ उभ्या. ज्या क्रमानं बटाटे कापले, त्याच क्रमानं ते लावले होते. म्हणजे रोगट बटाटा कापलेली सुरी तशीच पुढच्या बटाट्यांवर चालली होती. दादाकडे रीत अशी की, एक सुरी हातात, दुसरी ब्लीचिंगच्या पाण्यात, आणि दर बटाट्याला अदलाबदल.

"ह्या ओळीचं बेणं कुणी कापलं?"

"मीच," दादा कानाची पाळी चोळत म्हणाला. "जरा घाई झाली."

बाईंना बेणं कापायचा दिवस आठवला. त्या दिवशी सुट्टी काढून त्याच मदतीला आल्या होत्या. बहीणभाऊ आईच्या आठवणी काढून पोट धरधरून हसत बसले, आणि बोलण्याच्या नादात हातातली सुरी हातातच राहिली. जी गोष्ट आयुष्यभर जगाला कानीकपाळी ओरडून सांगितली, तीच विसरल्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"खोटं बोलायला तुला अजून जमत नाही, दादा. ती टोपली माझी होती."

"अगं, कुणाला कळतंय? माझं नाव टाक. तुझी नोकरी आहे."

"नोकरीचं काय व्हायचं ते होईल. कागद खराच लिहिणार."

बाईंनी उभ्या उभ्याच लिहिलं: शेत बेण्यासाठी नापास. कारण, कापताना सुरी धुतली नाही. कापणारी व्यक्ती, तपासनीस स्वतः. पुढची तपासणी दुसऱ्या कुणाकडून व्हावी. खाली ठसठशीत सही केली.

"रोगट झाडं मातीसकट पोत्यात भर. पुढची तीन वर्षं इथे मका. बटाटा नाही, टोमॅटो, वांगी, मिरचीही नाही; त्यांनाही हाच रोग लागतो."

"बरं." दादानं दीर्घ श्वास घेतला. "खालच्या शेजाऱ्याच्या शेतात माझंच पाणी उतरतं."

"मी सांगते त्याला."

"नको. शेत माझं आहे."

त्यानं फावड्यानं पाटाचं तोंड बुजवलं, फावडं ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवलं. मग तळपाय घासले, बोटांच्या बेचक्यांतली मातीसुद्धा काढली. मातीनं भरलेल्या चपला त्यानं आपल्याच बांधावर ठेवल्या आणि अनवाणी, खडीच्या रस्त्यानं, तो शेजाऱ्याच्या घराकडे निघाला.

तपासनीसबाईंनी बूट काढले, पाय धुतले आणि त्याच्यामागून चालू लागल्या.