आधी वरपक्ष

आमच्या डोंबिवलीच्या वधूवर मंडळात त्र्याण्णव साली कॉम्प्युटर आला आणि दोन महिन्यांत सगळी स्थळं मी त्यात भरली. मग जुन्या फॉर्मांचं काय करायचं, हा प्रश्न आला. प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर गणपती छापलेला, तेव्हा रद्दीत घालू नयेत, असं मीच म्हटलं. अध्यक्ष मोकाशीकाकांनी सगळे गठ्ठे रीतसर हळदकुंकू वाहून खाडीत विसर्जित केले.

वर्षभराने मशीन मंदावलं. पूर्वी नाव टाकलं की स्थळ समोर यायचं. आता तेवढ्यात माझं अथर्वशीर्ष म्हणून होई. आतून टक् टक् आवाजही येऊ लागला. काकांनी टेबल पूर्वेकडे फिरवून पाहिलं, लिंबू-मिरची बांधून पाहिली आणि शेवटी मशीनच्या पाठीत दोन धपाटे घातले. त्यानंतर टक् टक् वाढली. काका म्हणाले, जाग आली त्याला.

मला काळजी मंदाकिनीची होती. मानपाड्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते, वय चौतीस. तिने आजवर चार मंडळांत फॉर्म भरले आणि दर वेळी रंगाच्या रकान्यात काय लिहायचं यावरून आईशी वाद घातला. आमच्याकडे भरला तेव्हा म्हणाली होती, "नंदाताई, हा शेवटचा. यापुढे कुणालाही माझी उंची सांगायची नाही." ती बोलल्याप्रमाणे वागणारी मुलगी. रविवारी मेळावा होता. त्याआधी मशीनमधली यादी गेली असती, तर मंदाकिनीही कायमची गेली असती.

गुरुवारी सकाळी नौपाड्याहून महिपत आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, बोलायला रोखठोक. त्याने एक तपासणीची फ्लॉपी घातली. पडद्यावर चौकोन उमटत गेले आणि खराब जागांवर खुणा पडत गेल्या. तो म्हणाला, हार्ड डिस्क कामातून चाललीय. आता बंद केली तर परत उठेल याची खात्री नाही. चालू आहे तोवर माहिती फ्लॉपीवर काढून घ्या. मुलींची फाइल सगळी धड जागेवर आहे, मुलांची खराब जागेत सापडलीय. म्हणून आधी मुली काढा, मग मुलं.

काकांना हे अजिबात पटलं नाही.

"आधी वरपक्ष," ते म्हणाले. "पहिल्या पंगतीला आपण कुणाला बसवतो?"

"काका, मी एवढ्या मशिनी उघडलेल्या, एकात पण पंगत नाय दिसली. खराब भागात शिरलो की डिस्क तिथेच बसेल."

काका माझ्याकडे वळले. आधी मुलं, नंतर मुली, कळलं ना, असं त्यांनी विचारलं. गुरुवारी बारापर्यंत माझं मौन असतं. मी मान हलवली. काका समाधानाने पाहुण्यांना फोन करायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

मी फ्लॉपी घातली आणि मुलींची फाइल काढायला घेतली. महिपतने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खिडकीबाहेर बघत बसला. तीन फ्लॉप्यांत दोनशे अकरा मुली बाहेर आल्या. मंदाकिनी तिसरीवर होती. उघडून खात्री करून घेतली. मग मुलांची फाइल धरली. चौदा मुलं आली, पंधराव्याला टक् टक् झालं, आणि मशीन गप्प बसलं ते बसलंच.

काका आले तेव्हा बारा वाजून गेले होते. वरपक्ष निघाला का, असं त्यांनी विचारलं.

"नाही काका. मुली आधी काढल्या."

"पण तुम्ही मान हलवलीत."

"तुम्ही म्हणालात ते कळलं होतं."

काका म्हणाले, वरपक्षाला पुन्हा फॉर्म भरायला सांगायचं कोणत्या तोंडाने?

तोंडाचं नंतर, आधी फॉर्म हवेत. मुलांचा फॉर्म एकपानी. मागची बाजू कोरी म्हणून बैठकीत कोण चहा घेणार त्या याद्यांत सगळे संपले होते. कपाटात कोरे उरले होते ते मुलींचे, चारपानी. रविवारपर्यंत छापून मिळेना.

रविवारी मुलं आणि त्यांचे आईवडील रांगेत उभे राहून तेच भरत होते. एका बँकवाल्याने रंगाच्या रकान्यापाशी पेन थांबवून आईकडे पाहिलं. आई म्हणाली, निमगोरा लिही. एका वडिलांनी 'चालून दाखवण्यास तयार आहे का' यावर हरकत घेतली. काका त्यांना समजावू लागले की हे विचारण्यात गैर काही नाही, वर्षानुवर्षं विचारतो आहोत. आणि मध्येच थांबले.

फॉर्म गोळा करायला मी मंदाकिनीला बसवलं होतं. ठाण्याच्या एका सदतीस वर्षांच्या शिक्षकाने 'स्वयंपाक येतो का' यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं : वरण, भात, बटाट्याची भाजी. पोळ्या जमत नाहीत, प्रयत्न चालू आहे.

मंदाकिनीने ते दोनदा वाचलं. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "उंची राहिलीय. किती?"