आठवी रेघ

“जरा खाली घेऊ या, हॉयट. माझा गळा आता पूर्वीसारखा राहिला नाही.”

किती उन्हाळे गेले या वाक्यावरून, पण ते अजून माझ्या लाकडात मुरलेलं आहे. ओपल टिडवेल हे सहज बोलली होती, केसांतली पिन काढून पुन्हा खोचता खोचता. त्यातलं खरं किती होतं, ते मला फार उशिरा कळलं.

मित्रांनो, मी एक जुनी स्टील गिटार आहे. टेक्सासच्या पश्चिम अंगाची, जिथे कापूस आणि धूळ दोन्ही सारखीच पिकतात. मला कुणी छातीशी धरून वाजवत नाही. मी चार पायांवर टेबलासारखी उभी असते आणि वाजवणारा माझ्यासमोर बसतो. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तो तारा छेडतो, पायाने खालची पेडलं दाबतो, आणि त्याच्या डाव्या हातात असते एक गुळगुळीत पोलादी कांडी. कांडी तारांवरून सरकते तसा सूर सरकतो. सुरांच्या जागा कळाव्यात म्हणून माझ्या अंगावर रेघा आहेत, पण त्या नुसत्या रंगवलेल्या. उंचवटा नाही, खाच नाही. खालच्या सुरांच्या रेघा ऐसपैस अंतरावर आहेत. वर जावं तशा त्या एकमेकींना चिकटत जातात. तिथे हात केसभर ढळला की सूर ढळतो, आणि ते साऱ्या गावाला ऐकू जातं.

मला घडवलं गस नोव्हाकने. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात लाकडाशी बोलायचा. माझं मेपलचं लाकूड त्याने दोन उन्हाळे वाळवलं. हॉयट मॅब्री मला न्यायला आला तेव्हा गस हात पुसत म्हणाला, “हिला अडवायला काही नाही बघ. ठेवशील तिथे लागेल. खोटं बोलायची सोय हिच्यात मी ठेवलेलीच नाही.”

“मग मलाच सुधारावं लागणार म्हणायचं,” हॉयट म्हणाला, आणि दोघे हसले.

हॉयट आठवडाभर कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं सांभाळायचा. शनिवारी मात्र तो कडक इस्त्रीचा शर्ट घाली, मला पेटीत निजवी आणि गावच्या रेडिओ केंद्रावर घेऊन जाई. बाराच्या ठोक्याला आमचा कार्यक्रम सुरू व्हायचा. पिठाच्या एका गिरणीने जाहिरातीसाठी त्याचा खर्च उचलला होता. बारा वाजले की शेतांतले ट्रॅक्टर थांबत, न्हाव्याची कात्री थांबे, चुलीवरचे बीन्स तेवढे आपले रटरटत राहत. जे वाजेल ते तिथल्या तिथे हवेवर जायचं. पुसून पुन्हा वाजवायची मुभा नव्हती.

गाणारी ओपल. व्हायोलिनवर शॉर्टी, जो एवढा उंच होता की दारातून येताना टोपी काढायचा, ती काही अदबीने नव्हे. आमच्यात रीत अशी होती की ओपल श्रोत्यांकडे बघून बोलत असतानाच पाठीमागे धरलेल्या हाताने आम्हाला पट्टी सांगायची. पेला धरल्यासारखी बोटं वळवली की उंच पट्टी: माझी आठवी रेघ. एकच बोट वर केलं की खालची: तिसरी रेघ. मग मी सुरुवात करायची, आणि मी जिथे ठेवेन तिथून ती उचलायची. तिचं एक गाणं सगळ्यांना पाठ होतं:

कडी नको लावू फाटकाला,
दिवा राहू दे पडवीला,
उशीर होईल वाटेला, गं बाई,
उशीर होईल वाटेला.

हे गाणं आठव्या रेघेवर सुरू होऊन पार बाराव्यापर्यंत चढायचं. तिथे ओपलचा सूर आणि माझा सूर एक व्हायचे. लोक पत्रं लिहायचे. एका बाईने लिहिलं होतं, तुमची गिटार ऐकून माझी भाकर करपली, पण हरकत नाही.

मग एका वसंतात मला काहीतरी जाणवलं.

सूर जिवंत राहावा म्हणून कांडी हलकेच डोलवावी लागते. हॉयट ती पाळण्यासारखी डोलवायचा. पण त्या दिवशी त्याने डोलवणं थांबवलं आणि कांडी थांबली नाही. ती आपली आपण थरथरत राहिली. हॉयटने हात उचलून खिशात घातला. लोक म्हणाले, “हॉयट, आज तर गिटार रडलीच रे.” तो मान डोलवून हसला. त्याचं हसू मला तारांवरच्या गंजासारखं बोचलं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. कॉफीचा पेला तो दोन्ही हातांनी धरू लागला. एकदा ओपलने त्याला कॉफी दिली तेव्हा पेला बशीवर खडखडला. ओपल खिडकीबाहेर बघत म्हणाली, “वारा सुटलाय.” वारा नव्हता.

त्याच्या पुढच्याच शनिवारी ते वाक्य आलं. जरा खाली घेऊ या. आधी सहाव्या रेघेवर, मग पाचव्या, आणि वर्ष सरता सरता तिसऱ्या. मित्रांनो, खरं सांगते, मला हायसं वाटलं. तिथे रेघा ऐसपैस. हात थरथरला तरी पदरात झाकल्यासारखं व्हायचं. हॉयट मात्र हळहळायचा. “बिचारी,” तो मला पुसताना पुटपुटायचा. “काय गळा होता.”

शॉर्टीची जीभ कुठली गप्प बसायला. “ओपल, अजून एक पट्टी उतरलीस तर बैलांच्या रांगेत उभी राहशील.”

“तुझं व्हायोलिन ऐकून बैलच रांग सोडून जातील,” ओपल म्हणायची. हसायची. पण एकदा तिने हातरुमाल पिळून पिळून दोरी केलेली मी पाहिली.

पत्रं कमी झाली. केंद्राचे साहेब मिस्टर क्रेन एका शनिवारी टेबलाच्या कोपऱ्यावर बसले आणि म्हणाले, “मिस टिडवेल, गिरणीवाल्यांना तुमचा पूर्वीचा आवाज हवाय. येत्या शनिवारी फाटकाचं गाणं जुन्या पट्टीत गा. जमणार नसेल तर अ‍ॅबिलीन शहरातली एक मुलगी तयार आहे. वीस वर्षांची आहे.”

“वीस वर्षांची असताना मीही तयारच होते,” ओपल म्हणाली. “बघते.”

गाणं हेच तिचं घर होतं. चौदा वर्षं ती त्या एका माइकसमोर उभी होती. ते गेलं तर मागे उरणार होती दवाखान्यातली टंकलेखनाची नोकरी आणि संध्याकाळची लांबलचक शांतता.

बुधवारी हॉयट सरावासाठी तिच्या घराकडे निघाला. मी मागच्या सीटवर उघड्या पेटीत होते. काचा खाली होत्या. घराच्या अलीकडेच त्याने गाडी थांबवली, कारण मागच्या अंगणातून गाणं येत होतं. ओपल चादरी वाळत घालत होती, तोंडात चिमटे नव्हते, आणि ती मोकळ्या गळ्याने गात होती. कडी नको लावू फाटकाला. आवाज भरलेला, उंच, कुठे ओरखडा नाही. चादरींतून तो असा येत होता जणू चादरीच गातायत.

हॉयटने गाडीचं इंजिन बंद केलं.

“आठवी रेघ,” तो म्हणाला. अगदी हळू. मग त्याने आपला डावा हात स्टिअरिंगवरून उचलून डोळ्यांपुढे धरला. हात पिंपळपानासारखा थरथरत होता. त्याला कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं. गळ्याला काहीच झालं नव्हतं. अडीच वर्षं ती स्वतःच्या आवाजावर डाग घेत होती, त्याच्या हाताला ऐसपैस रेघा मिळाव्यात म्हणून.

त्याने गाडी उलटी फिरवली. तिला भेटला नाही.

शनिवार आला. भिंतीवरच्या घड्याळाचा लाल काटा बाराकडे सरकत होता. मिस्टर क्रेन काचेपलीकडे हाताची घडी घालून उभे होते. हॉयटने पँटला हात पुसला, कांडी उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. हवेवर असल्याचा दिवा लागला. ओपल माइकशी वाकून गोड बोलली, आणि पाठीमागच्या हाताचं एक बोट वर केलं.

एक बोट. म्हणजे ती स्वतःचं घर सोडायला तयार होती.

हॉयटने ते बोट पाहिलं. कांडी तिसऱ्या रेघेवरून सरकली. पाच. सहा. आठव्या रेघेवर येऊन ती थांबली, आणि त्याने छेडलं.

ओपलची पाठ ताठ झाली. तिने वळून पाहिलं नाही. हवेवर असताना वळता येत नाही. बोट मिटलं. तिने श्वास घेतला आणि माझ्या सुरावरून तो जुना आवाज उचलला. शॉर्टीचा गज क्षणभर हवेतच राहिला.

मी हॉयटच्या हाताला धरून ठेवू पाहत होते, पण मला हात कुठे आहेत? दुसरं कडवं सरलं. आता बाराव्यावर चढायचं होतं. कांडी निघाली, थरथरली आणि बाराव्या रेघेच्या खालीच अडकली. बेसूर. कच्च्या पेरूसारखा तुरट सूर साऱ्या मुलखात गेला. शॉर्टीने डोळे मिटले.

ओपलने आपला सूर सोडला नाही. पुढची ओळ तिने घेतलीच नाही. तोच एक सूर दिव्यासारखा धरून ती उभी राहिली, आणि कांडी त्या उजेडाकडे इंच इंच सरकत वर आली, लागली, टेकली. मगच ती पुढे गेली.

दिवा विझला. मिस्टर क्रेन आत आले. “मिस टिडवेल, उत्तम. अ‍ॅबिलीनला मी नको म्हणून कळवतो. पण मध्ये ते काय झालं?”

हॉयट नख्या काढत होता. “गिटार जुनी झालीय,” तो म्हणाला. “तार उतरते.”

मित्रांनो, मला घडवणाऱ्याने माझ्यात खोटं बोलायची सोय ठेवली नव्हती, आणि खोटं खपवायला मीच सापडले. ओपलने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवसानंतर हॉयट केंद्रावर गेला नाही.

मी घरातल्या कपाटात गेले, गोधड्यांच्या खाली. नऊ वर्षं. तारा गंजल्या, पेटीतलं मखमल उंदराने नेलं. बाहेर रेडिओवर ओपल गायची. तिच्यामागे दुसरी कुणी गिटार वाजायची, बरी वाजायची. तुमच्याही घरात एखादं वाद्य असं पडलं असेल. त्याच्या तारा पुसून ठेवा, वर्षातून एकदा तरी त्याला उजेड दाखवा. आणि चूक हाताची असेल तर तिचं नाव तारेवर घालू नका. लाकूड पाऊस विसरतं, आळ विसरत नाही.

एका रविवारी, चर्च सुटल्यावर, कपाट उघडलं. ओपल आली होती, पीचचं सारण भरून भाजलेली ‘पाय’ घेऊन. केस पांढरे झाले होते. मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. हॉयटचे दोन्ही हात आता मांडीवर थरथरत होते आणि तो ते लपवत नव्हता.

“माझी भाची जून,” ओपल म्हणाली, “टेलिफोन ऑफिसात असते. तिला शिकायचंय. नवी घ्यायची की ही न्यायची, ते ठरवायला आलेय.”

“तुझा गळा कसा आहे?”

“माझ्या गळ्याला कधी काय झालं होतं?” तिने त्या गोड ‘पाय’चा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. चमचा ठेवला नाही, हाताने खाता येईल असा जाडसर कापला होता. मग तिने माझ्या अंगावरच्या आठव्या रेघेवर बोट ठेवलं. “हिच्यात काही दोष असेल तर आत्ताच सांग, हॉयट. तू म्हणाला होतास, तार उतरते. दोष असेल तर मी पोरीच्या गळ्यात मारणार नाही. भंगारवाल्याला देऊन टाकू.”

मी श्वास रोखला असता, असता तर.

हॉयटने टेबलावर डावा हात ठेवला, माझ्या तारांवर, उघडा, थरथरता. गंजलेल्या तारा त्याखाली कुजबुजल्या.

“तार नव्हती उतरली, ओपल,” तो म्हणाला. “हात होता.”